फुवांनी नांगरलेली वही

माझ्या फुवांनी मला वळणावर आणलं, हे आधी लिहून ठेवतो. काय झालं, कसं झालं ते मागाहून. ज्याचे उपकार त्याचं नाव पहिल्याच ओळीत आलेलं बरं. मध्येच कुणाची हाक यायची, कागद तसाच राहायचा आणि नेमकं तेवढंच सांगायचं राहून जायचं, अशी मला कायम धास्ती असते. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. तर तापीच्या दोन्ही काठांवर मिळून, एक अक्षरही वाचता येत नसताना इतिहास-भूगोलाची वही इतकी नीट ठेवणारा माणूस आजवर झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. लोकांना ही थट्टा वाटेल. वाटो. ती वही ज्यानं पाहिली त्याला वाटणार नाही.

फुवांचा नीटनेटकेपणा सगळा वावरात होता. अंगावर त्याचा मागमूस नव्हता. पागोटं डाव्या कानावर कललेलं, बंडीचा वरचा बंद खालच्या बंदाला बांधलेला, एका पायातली वहाण स्वतःची आणि दुसऱ्या पायातली बहुधा शेजाऱ्याची. पण त्यांचे बांध पाहावेत! दोरी लावून आखल्यासारखे. दुसऱ्याच्या शेतातून ते कधी तिरपे जात नसत. एकदा अंगात ताप असताना चुलतभावाच्या कपाशीला पूर्ण वळसा घालून घरी आले आणि ओट्यावर कोसळले. फुई पाणी पाजता पाजता म्हणाली, "हाऊ माणूस वावरमा सरळ चालस, घरमाच वाकडा!" घरातही त्यांचं एकच राज्य होतं, ते म्हणजे बियाणं साठवायचे दुधीभोपळे. वाळवून पोखरलेले ते भोपळे आढ्याला ओळीनं टांगलेले असत, पेरणीचा जो क्रम तोच त्यांचा क्रम. कुणी पाहुण्यानं सहज म्हणून एखादा इकडचा तिकडे केला तर फुवा जेवणावरून उठत. एकदा तर वरच्या गल्लीत एका घरी दुःखाला गेले आणि तिथली कडब्याची गंजी कललेली पाहून त्यांना राहवेना. घटकाभर मान खाली घालून बसले, मग हळूच उठले आणि गंजी सोडून पुन्हा रचायला लागले. रडायला आलेले दोघेतिघे डोळे पुसत त्यांना पेंढ्या देत होते. घरधनी नंतर म्हणाला, "फुवा, समाधान वाटनं भो." ते कशाचं वाटलं, गंजीचं की सांत्वनाचं, देव जाणे.

मी त्यांच्याकडे आलो तो विसरवाडीकडच्या आमच्या खेड्यातून. तिथली शाळा चौथीपर्यंतच. आमच्या कुळात सातवीची फायनल कुणी पाहिली नव्हती. फायनल झाली की मास्तर होता येतं, जंगलखात्यात कारकुनी मिळते, असं वडिलांनी कुठंतरी ऐकलेलं. त्यांनी मला फुईच्या दारात आणून सोडलं आणि एवढंच म्हणाले, "फायनल करी घे. मंग मी मोकळा." ते मोकळा म्हणाले आणि मी तिथंच बांधला गेलो. त्या दिवसापासून फायनल हा शब्द निघाला की मी कामाचं निमित्त काढून उठायचो. दोन वर्षं कशीबशी गेली. सातवीत मात्र हेडमास्तरांनी सांगून टाकलं, "मार्गशीर्षात तपासणीला साहेब येणार. इतिहास-भूगोलाची वही ते स्वतः बघतात. ज्याची वही त्यांना पटेल त्याचंच नाव फायनलच्या यादीत जाईल." मग माझी वही दोन बोटांत धरून वर केली. तिच्यात पेशवाईच्या मधोमध त्रैराशिक होतं, त्यावर शाई सांडली होती आणि शाईखाली गंगा कुठंतरी वाहत होती. "ही वही घेऊन," मास्तर म्हणाले, "तू बस घरी."

मी गोठ्यात जाऊन रडत बसलो. फुवा वैरण घालायला आले. त्यांनी आधी बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काळजी कुणाची जास्त करायची याचा विचार करत असावेत.

"काय व्हयनं रे? रडी कसाले ऱ्हायना?"

मी वही पुढे केली. त्यांनी ती उलटी धरली, पानं चाळली, नाकाशी नेऊन वास घेतला (कुठलीही नवी वस्तू ते आधी हुंगत) आणि म्हणाले, "भाऊ, हाई वावर नही. हाऊ उकिरडा शे."

"मास्तर नाव पाठवणार नाहीत, फुवा."

"आठे बांध कोठे शे? पट्टा कोठे शे? काय पेरं आनि कोठे पेरं, तुले तरी सापडस का?" आणि पागोटं काढून मांडीवर ठेवत, पेरणीचा मुहूर्त सांगावा तशा आवाजात म्हणाले, "सक्काय नवी वही आन. आपू नांगरसूत."

दुसऱ्या दिवशीपासून आमची नांगरट सुरू झाली. पहिल्या दिवशी मला एक अक्षर लिहू दिलं नाही. नुसते बांध. चारी बाजूंनी समास आखायचा, तोही फुईच्या दळणाच्या फळीवर वही ठेवून. पट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून सुताचा दोरा काजळात बुडवून ताणायचा आणि टिचकी मारायची. मग पट्टे पाडले. इतिहास पुढून, कारण ती काळी, भारी जमीन. भूगोल मागून, ती हलकी जमीन. नागरिकशास्त्र मधे, थोडंसं, गोठ्यामागच्या वाफ्यात मिरच्या लावाव्यात तेवढं. पहिल्या पानावर कुठं काय पेरलं त्याची यादी. फुवांना ती वाचता येत नव्हती, म्हणून प्रत्येक ओळीपुढं मी एक खूण काढायची: इतिहासाला तलवार, भूगोलाला नदी, नागरिकशास्त्राला चावडी. रोज दिवेलागणीला ते बोट ठेवून विचारायचे, "तलवार कथी लगून उनी?" आणि तलवार कुठवर आली ते मला सांगावं लागे. सांगायचं म्हणजे वाचावं लागे आणि वाचलं म्हणजे ते डोक्यात बसे. हा त्यांचा डाव होता की साधी चौकशी, ते मला अजून कळलेलं नाही.

राजांच्या बाबतीत फुवांचा न्याय कडक होता. ज्यानं जितकी वर्षं राज्य केलं तितक्याच त्याला ओळी. मी कळवळून म्हणालो, "फुवा, यानं दोनच वर्षं राज्य केलं, पण हा फार शूर होता. याला अर्धं पान तरी पाहिजे." फुवांनी मान हलवली. "दोन वरीसले दोन ओळ्या. शूर व्हता ना? मंग दाट पेर." त्या दोन ओळी मी इतक्या दाट पेरल्या की अजून पाठ आहेत. नद्यांचं मात्र त्यांनी उघड पक्षपातानं केलं. तापीला पूर्ण पान, गंगेला पाऊण. मास्तर रागावतील असं मी म्हटलं तर उत्तर तयार: "गंगा मोठी व्हई. पण तिन्हा पानीवर मन्हा बैल वाढनात का?" तापी निळी हवी म्हणून फुईची कपड्यांची नीळ वापरली. त्या आठवड्यात फुवांची धोतरं पिवळी पडली. फुई अंगणातून ओरडली, "मन्ही नीळ कोनी लिनी?" आणि फुवा आतून शांतपणे म्हणाले, "तापीनी."

मृदांचे प्रकार शिकायचे होते, तेव्हा तर फुवांना राहवेचना. शब्दांनी माती कशी कळणार? बाभळीचा डिंक लावून त्यांनी वहीत खरीखुरी माती चिकटवली. आमच्या वावरातली काळी, माळावरची बरड, नदीकाठची गाळाची. मग हाव सुटली. घरी जो येईल त्याला निरोप: येताना चिमूटभर माती आण. सातपुड्यातल्या काठी गावचा एक म्हातारा मध विकायला येई. त्यानं पानात गुंडाळून तांबडी माती आणली आणि होळीचं आमंत्रण दिलं. नवापूरच्या व्याह्यांनी आणली, पण ती फुवांनी जिभेला लावली आणि "हाई तुम्हना अंगणनी शे, वावरनी नही" म्हणून परत केली. व्याही दोन महिने बोलत नव्हते.

हळूहळू भूगोल फुवांच्या अंगातच शिरला. नकाशात वर उत्तर असते हे कळल्यापासून ते ओसरीवर पाहुणे दिशेप्रमाणे बसवू लागले. पाण्याचा माठ म्हणजे तापी. शहाद्याकडचा पाहुणा माठाच्या पलीकडे बसणार, त्याला तंबाखूची चंची हवी असेल तर नदी ओलांडून द्यायची. काठीचा म्हातारा धान्याच्या पोत्यांवर, कारण तो डोंगर. नवापूरच्या व्याह्यांची जागा अगदी उंबऱ्याशी. "जराखाल आत सरकू का?" असं त्यांनी विचारलं की फुवा हळहळत म्हणत, "कसं सरकशात? तुम्हना मांगे गुजरात शे." हसू नका. परीक्षेला उपयोगी पडेल असा भूगोल मी त्या ओसरीवर जितका शिकलो तितका शाळेत नाही.

पण एका गोष्टीनं मला झोप येईना. तीन पानं भरली की चौथं पान फुवा कोरं सोडायला लावीत. "पड ऱ्हाऊ दे." म्हणजे पडीत. मी विनवण्या केल्या, कागद वाया जातो म्हणालो, साहेब रागावतील म्हणालो. फुवा बाकी वेळी निदान ऐकून तरी घेत, इथं तेही नाही. मी एकदा चोरून एका पडीत पानावर लिहायला बसलो तर मागून आवाज आला, "लोभी माणूसनं वावर दोन साल पिकस, तिसरा साल रुसस." मी टाक खाली ठेवला. मार्गशीर्ष आला तेव्हा माझ्या वहीत चौदा कोरी पानं होती आणि ती मी रोज मोजत होतो.

तपासणीच्या दिवशी साहेब आले. सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात तांबडी पेन्सील. पहिल्याच मुलाच्या वहीत त्यांनी मुंबई इलाख्याचा धडा काढला आणि कपाळाला आठी घातली. आमचं पुस्तक जुनं होतं, आणि त्याच साली सिंध इलाख्यातून वेगळा झाला होता. "सिंध खोडा," साहेब म्हणाले, "आणि नवं लिहा." पण लिहायला जागा कुठं होती? पोरांनी खोडलं, वर लिहिलं, बाजूला लिहिलं, शाई पसरली. एकाचा सिंध खोडता खोडता कागद फाटला आणि खालच्या पानावरच्या हवामानाला भोक पडलं. साहेब वहीगणिक तापत होते आणि माझा नंबर शेवटून दुसरा होता.

माझी वही त्यांनी मध्येच उघडली. नेमकं कोरं पान. पुढे उलटलं, आणखी एक कोरं. "हे काय? किती धडे बुडवलेस?"  हेडमास्तर खाली बघत होते. यादीतलं माझं नाव डोळ्यांसमोर पुसलं जाताना मला दिसत होतं. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला:

"साहेब, पोऱ्यानी चूक नही. ती पड मन्ही शे."

फुवा सकाळपासून खिडकीबाहेर लिंबाखाली उभे होते, हे मला माहीत नव्हतं. शाळेच्या पायरीवर त्यांनी जन्मात पाय ठेवला नव्हता. वहाणा काढून ते आत आले; पागोटं नेहमीसारखं डाव्या कानावर.

"तुम्ही कोण?"

"मी याना फुवा." पोरं खिदळली. "जमीन शे ना साहेब, दरसाल पिकाडी तं दमी जास. तीन पट्टा पेरा, चौथा सोडी दिना. वहीनं बी तसंच."

"कागद दमतो?" साहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

फुवांनी मान डोलावली. "कागद नही दमत व्हई. पण लिखणारा दमस ना." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आनि उद्या काही नवं उनं, तं ते कोठे पेरशात?"

 साहेब खुर्ची ओढून बसले आणि वही पहिल्यापासून उलटू लागले. यादी, तलवार, नदी, चावडी. काठीच्या तांबड्या मातीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मग इलाख्याचं पान आलं. त्याच्या समोर पडीत पान, स्वच्छ. "सिंध वेगळा झाला," साहेब मला म्हणाले. माझ्याआधी फुवांनीच विचारलं, "वाटणी व्हयनी का?" साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. "हो. वाटणी झाली." फुवांनी मला कोपरानं ढोसलं. "मंग देखस काय? बांध घाल!" मी सिंधच्या कडेनं रेघ ओढली आणि समोरच्या पानावर, साहेब सांगतील तसं, सात ओळी लिहिल्या. एकही डाग पडला नाही. तो कसा पडला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

तरी एक विघ्न राहिलंच. नागरिकशास्त्रात गावकामगारांची कामं होती आणि फुवांच्या सांगण्यावरून मी तलाठ्यापुढं लिहिलं होतं: 'जमिनीचे कागद ठेवतो व दुपारी झोपतो.' साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. "हे कुणी सांगितलं?" फुवा म्हणाले, "सांगाले कसाले पाहिजे साहेब? देखेल शे." साहेबांनी तांबड्या पेन्सिलीनं शेवटचे तीन शब्द खोडले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "याचं नाव पाठवा." घरी येऊन फुवांनी ही बातमी आधी बैलांना सांगितली, मग फुईला. त्या तांबड्या रेघेचं दुःख मात्र त्यांना पुष्कळ दिवस होतं. खरी गोष्ट साहेबानं खोडली याचं नाही. नितळ पट्ट्यात एक ओरखडा पडला याचं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. परीक्षेला महिना उरला आणि घरून निरोप आला. वडिलांचं एक अंग लुळं पडलं होतं. घरात मी थोरला. गावचे एक नातलग कराचीच्या बंदरावर मुकादम होते, ते गावी आले होते आणि चार दिवसांत परतणार होते. त्यांच्या हाताखाली जागा होती, आत्ताच होती. मी वळकटी बांधली. फुवा उठले आणि सरळ शाळेत गेले. काय झालं ते मला मास्तरांनी नंतर सांगितलं. फुवा त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "मास्तर, फायनल जरा पुढे सरकावा." मास्तर म्हणाले, "अहो, ती सगळ्या इलाख्याची परीक्षा आहे." फुवा म्हणाले, "घरमा दुख व्हयनं तं लगीननी तिथ सरकस. पाचशे पाहुण्यासले सांगाडतस आनि सरकाडतस. आठे तं एकच पोऱ्या शे." मास्तरांना हसू आलं नाही. मलाही ऐकताना आलं नाही.

आता मी कराचीत आहे. ज्या प्रांताला मी त्या दिवशी बांध घातला, त्याच्या आत. गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या लावतो, कुठला माल कुठं ते बघतो. गोदामाचे साहेब म्हणतात माझं काम चोख आहे. मला तरी रोज वाटतं, आज काहीतरी चुकणार. फायनल नाही म्हणून वरची जागा मिळत नाही. पण खरं सांगायचं तर आता फायनल मला त्या जागेसाठी नकोय.

गेल्या महिन्यात हेडमास्तरांचं पत्र आलं. लिहितात, 'तुझे फुवा दर वर्षी यादी जायच्या दिवशी येतात. आत येत नाहीत. खिडकीशी उभे राहून विचारतात, मन्हा पोऱ्यानं नाव शे ना यादीमा? पहिल्या वर्षी मी समजावून सांगितलं. दुसऱ्या वर्षी म्हातारा काठी टेकत आला, तेव्हा माझ्यानं सांगवेना. मी "आहे" म्हणालो. तेव्हापासून दर वर्षी आहे म्हणतो. शिक्षकानं खोटं बोलू नये. फायनलला बाहेरून बसता येतं. अर्ज सोबत जोडला आहे. तुझ्या सहीचं बघ.'

मी तीन रात्री तो अर्ज उशाखाली ठेवला. इतिहास विसरलो असेन, हात मंदावला असेल, गोदामातून रजा मिळेल की नाही, मिळाली आणि नापास झालो तर कोणत्या तोंडानं परत यायचं, हे सगळं डोक्यात घोळत होतं. चौथ्या दिवशी सही केली आणि टपालात टाकून आलो. पेटीत पडल्याचा आवाज ऐकला तरी पुन्हा एकदा फटीतून बघितलं.

फुवा, हे तुम्हाला मास्तर वाचून दाखवतील. यंदा खिडकीशी आलात आणि त्यांनी "आहे" म्हटलं, तर ते खरं असेल. पास झालो तर तो कागद आधी तुमच्या हातात देईन, खुशाल उलटा धरा. नापास झालो तर पुढच्या साली पुन्हा बसेन. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते एका कागदानं फिटायचं नाही, हे मला कळतं. पण फेडायला मी येणार आहे, फुवा, एक दिवस नक्की येणार आहे.